घोळणा फुटतो की फोडला जातो?

गेल्या माघ महिन्यात मुलांच्या आरोग्य तपासणीसाठी मी आंबेगाव तालुक्यातील आहुपे या गावी गेलो होतो. घोडेगाव सोडले, डिंभे धरण मागे टाकले की पाण्याच्या कडेकडेने वळणे घेत रस्ता वर चढतो आणि सह्याद्रीच्या अगदी कड्यावर जाऊन थांबतो. खाली मुरबाडचे कोकण, समोर गोरखगड आणि मच्छिंद्रगडाचे सुळके. पावसाळ्यात येथे दिवसचे दिवस धुके हटत नाही, अंथरुणे ओलसर राहतात. माघात मात्र सारे उलटे. हवा कोरडी ठणठणीत आणि वारा बोचरा. मुलांचे ओठ फुटलेले, गाल उललेले, टाचांना भेगा. नाकही आतून असेच उलते. ते आपल्याला दिसत नाही, एवढेच.

तपासणी संपत आली तेव्हा एक आजी आपल्या दहा वर्षांच्या नातवाला पुढे घेऊन आल्या. मुलाच्या सदऱ्यावर रक्ताचे तपकिरी डाग होते.

“डॉक्टर, पोराच्या अंगात लय उष्णता हाये. आठ-पंधरा दिवसाला घोळणा फुटतो. गुळवेल पाजली, दूर्वांचा रस नाकात घातला, कांदा हुंगवला. दोन दिवस बरं राहतं, परत तेच. आता शाळेतबी जाईना. कुणी म्हणतं पुण्याला न्या, डोक्याचा फोटू काढा. त्याला पैसा लागंल. शेळी इकायची का, ते सांगा.”

मुलगा खाली मान घालून उभा होता. आपल्या डोक्यातले रक्त गळते आहे आणि एक दिवस ते संपणार, असे त्याच्या मनाने घेतले होते. वर्गात रक्त आले की इतर मुले लांब सरकत, म्हणून त्याने शाळा सोडली होती. मी त्याच्या नाकाचा शेंडा अंगठ्याने किंचित वर उचलला आणि बॅटरीचा उजेड टाकला. डाव्या नाकपुडीत, मधल्या पडद्यावर, नाकाच्या तोंडापासून बोटाच्या अर्ध्या पेरावर एक लालभडक जागा होती. तिच्यावर काळपट खपली आणि खपलीच्या कडेला ताजा ओरखडा. मी मुलाच्या हाताकडे पाहिले, तशी त्याने बोटे मिटून घेतली.

निदान झाले होते. शेळी विकण्याची गरज नव्हती.

नाकाचे काम आणि मेकडाचे मूळ

नाक म्हणजे वास घेण्याचे आणि श्वासाचे केवळ भोक नव्हे. दिवसभरात सुमारे दहा हजार लिटर हवा आपण आत घेतो. ती फुप्फुसात पोहोचण्यापूर्वी गाळणे, ऊब देणे आणि ओलसर करणे ही कामे नाक करते. नाकाच्या आतील बाजूस पातळ, ओलसर अस्तर असते. त्याला श्लेष्मल त्वचा म्हणतात. हे अस्तर चिकट द्रव तयार करते, धूळ आणि जंतू त्यात अडकतात. अस्तरावरील अतिसूक्ष्म केसतंतू हा चिकटा हळूहळू मागे घशाकडे ढकलत राहतात आणि आपण तो नकळत गिळतो. पोटातील आम्ल पुढचे काम करते.

नाकपुडीच्या तोंडाशी मात्र हे केसतंतू नसतात. तेथे साधी कातडी आणि जाड केस असतात. त्यामुळे तेथील चिकटा हवेने वाळतो आणि त्याचे मेकूड होते. हवा जितकी कोरडी आणि धूळ-धूर जितका जास्त, तितके मेकूड अधिक. आहुप्यासारख्या गावांत थंडीतला कोरडा वारा, चुलीचा धूर, भात झोडणीची धूळ आणि पुढे राब भाजताना उडणारी राख या साऱ्यांची भर पडते. शहरातील मुलांना हीच भेट वाहनांच्या धुरातून आणि बांधकामाच्या धुळीतून मिळते. मेकूड टोचू लागले, नाक चोंदले की बोट आपोआप आत जाते. तेव्हा सवयीच्या मुळाशी बहुधा घाणेरडेपणा नसतो, कोरडेपणा असतो.

रक्त नेमके येते कुठून?

नाकाच्या दोन कप्प्यांमध्ये जो पडदा आहे, त्याच्या पुढच्या खालच्या भागात पाच रक्तवाहिन्यांच्या शाखा एकत्र येऊन जाळे करतात. अमेरिकेतील शल्यवैद्य जेम्स लिटल यांनी १८७९ मध्ये आणि जर्मनीतील कीसलबाख यांनी १८८४ मध्ये या जागेकडे लक्ष वेधले. त्यांच्याच नावांनी ती वैद्यकात ओळखली जाते. घोळणा फुटलेल्या दहापैकी नऊ जणांचे रक्त नाकाच्या या पुढच्या भागातूनच येते.

दैवाचा खेळ असा की, आपल्या तर्जनीचे टोक नाकात घातले तर ते नेमके या जाळ्यावर टेकते. वरचे अस्तर इतके पातळ की नखाचा ओरखडा थेट रक्तवाहिनीला लागतो. डोक्यातले रक्त येथे गळत नाही, मेंदूचाही काही संबंध नसतो. नाकाच्या दारातच झालेली ती एक लहानशी जखम असते.

मग ‘उष्णता’ हा शब्द अगदीच खोटा का? तसे नाही. कडक ऊन आणि कोरड्या हवेत अस्तर सुकते, तडकते आणि रक्त येण्याचे प्रमाण वाढते. आपल्या जुन्या माणसांनी ऋतूशी असलेला हा संबंध बरोबर हेरला होता. परंतु तडा पडलेल्या जागी नख कोण लावते, ते पाहायचे राहून गेले.

खपलीचे चक्र

आजींचा प्रश्न होता, दोन दिवस बरे वाटून परत तेच का होते? याचे उत्तर खपलीत आहे. रक्त थांबले की जखमेवर खपली धरते. खपली कोरडी झाली की खाजते, ओढते. मुलगा बोट घालतो, खपली निघते, रक्त पुन्हा सुरू होते. नवी खपली पहिल्यापेक्षा मोठी, म्हणून खाज अधिक. गुडघ्यावरची खपली मूल रोज उपटू लागले तर जखम महिनाभरही भरणार नाही, हे आपल्याला पटते. नाकातही तेच घडते. झोपेतही बोट नाकात जाते, म्हणूनच कित्येक मुलांच्या उशीवर सकाळी रक्ताचा डाग दिसतो आणि घरचे हादरतात.

हे तेवढ्यावरच थांबते का?

बहुतेकांच्या बाबतीत थांबते. परंतु सवय वर्षानुवर्षे राहिली तर नाकाची पुढील प्रकारे हानी होऊ शकते.

पहिली हानी म्हणजे नाकपुडीच्या तोंडाशी सूज. नखाने किंवा केस उपटल्याने केसांच्या मुळांशी जंतू शिरतात. नाकाचा शेंडा लाल होतो, हात लावू देत नाही, पिवळी खपली धरते. स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाचा जंतू अनेक निरोगी माणसांच्या नाकातही मुक्काम करून असतो. नाकात बोट घालणाऱ्यांच्या नाकात तो अधिक वेळा सापडतो, असे नेदरलँड्समधील २००६ सालच्या एका अभ्यासात दिसले. हाताने तो अंगावरच्या दुसऱ्या जखमेवरही जातो.

दुसरी हानी म्हणजे नाकातील पुळी. ती कधीही फोडू नये. नाकाच्या मुळापासून ओठांच्या दोन्ही टोकांपर्यंतच्या त्रिकोणातील अशुद्ध रक्ताच्या वाहिन्या डोळ्याच्या खोबणीतून मेंदूच्या तळाशी असलेल्या शिरांना जोडलेल्या आहेत. पुळी पिळल्याने क्वचित प्रसंगी जंतू त्या वाटेने आत जातात. प्रतिजैविक औषधांमुळे हा प्रकार आज फार विरळा झाला आहे, पण झाला तर जिवावर बेततो.

तिसरी हानी सर्वांत दुर्लक्षित, ती म्हणजे पडद्याला पडणारे भोक. पडद्याचा पुढचा भाग कूर्चेचा, म्हणजे मऊ हाडाचा असतो. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. दोन्ही बाजूंच्या अस्तरातून तिला पोषण मिळते. अस्तर सतत खरवडले गेले, त्यात जंतू शिरले आणि दोन्ही बाजूंनी ते नष्ट झाले, तर मधली कूर्चा उपाशी राहून झडते आणि आरपार भोक पडते.

आहुप्याहून परतताना वाटेतल्या एका गावात पन्नाशीचे एक गृहस्थ भेटले. रात्री श्वास घेताना नाकातून शिटी वाजते, घरच्यांची झोप मोडते, असे ते हसत सांगत होते. तरुणपणापासून तपकीर ओढायची आणि सुकलेली खपली बोटाने काढायची, हा त्यांचा नेम. बॅटरीने पाहिले तर एका नाकपुडीतून दुसरीतला उजेड दिसत होता. हे भोक आपोआप बुजत नाही. शस्त्रक्रिया करता येते, पण ती नाजूक असते आणि दर वेळी यशस्वी होतेच असे नाही. भोक फार मोठे झाले तर नाकाचा दांडा आधाराविना खाली बसतो. भोकाच्या कडेला पुन्हा खपल्या, पुन्हा रक्त, पुन्हा बोट! सकाळी मुलाच्या नाकात जी जागा मी पाहिली होती, तीच जागा चाळीस वर्षांनी कशी दिसू शकते, ते संध्याकाळी दिसले.

अशी भोके केवळ बोटानेच पडतात असे नाही. क्रोमियमचा मुलामा देण्याच्या कारखान्यातील वाफा, नाकातून ओढली जाणारी अमली द्रव्ये, क्षय, कुष्ठरोग यांमुळेही पडतात. म्हणून भोक दिसल्यास तपासणी करून घ्यावी. त्या गृहस्थांनाही मी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवले.

लाज कोणाला वाटावी?

ही सवय खेड्यातील किंवा गरिबाघरच्या मुलांची, असा एक समज आहे. बंगळूर येथील निमहान्स या प्रसिद्ध संस्थेतील डॉ. चित्तरंजन आंद्रादे आणि डॉ. बी. एस. श्रीहरी यांनी शहरातील चार शाळांमधील २०० किशोरवयीन विद्यार्थ्यांना याविषयी प्रश्न विचारले. २००१ साली ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जवळजवळ सर्वांनीच नाकात बोट घालत असल्याचे मान्य केले. मध्यम प्रमाण दिवसाला चार वेळा. एक चतुर्थांश मुलांच्या नाकातून यामुळे रक्त आले होते. श्रीमंत आणि गरीब वर्गांत काही फरक आढळला नाही. या अभ्यासाला त्याच वर्षी ‘इग नोबेल’ हे, आधी हसवणारे आणि मग विचार करायला लावणारे पारितोषिक मिळाले.

डॉक्टर मंडळीही याला अपवाद नाहीत. ॲम्स्टरडॅमच्या विद्यापीठ रुग्णालयांतील २१९ कर्मचाऱ्यांची माहिती २०२३ साली प्रसिद्ध झाली. त्यांतील पाचांपैकी चारांहून अधिक जणांनी ही सवय कबूल केली. त्यांच्यापैकी १७ टक्क्यांना २०२० च्या साथीत करोनाची लागण झाली होती. सवय नसलेल्यांत हे प्रमाण सुमारे ६ टक्के होते. बोटावरचे जंतू नाकात आणि नाकातले बोटावर, अशी ही दुहेरी वाहतूक आहे.

तेव्हा मुलाला चारचौघांत ‘घाणेरडा’ म्हणू नये, हातावर फटका मारू नये. त्याने सवय सुटत नाही, फक्त लपते. आणि लपून घातलेले बोट घाईने, जोराने फिरते.

नाक बरे कसे करावे?

उपाय स्वस्त आहेत, पण चिकाटीने करावे लागतात.

१. नखे दर आठवड्याला कापावीत. दहाही बोटांची.

२. नाकपुडीच्या तोंडाशी, पडद्याच्या बाजूला, मुगाच्या दाण्याएवढे व्हॅसलिन किंवा डॉक्टरांनी दिलेले मलम सकाळी व झोपताना लावावे. आत बोट खुपसू नये. तोंडाशी लावून बाहेरून नाकपुडी हलके चोळली की ते पसरते. फार भरू नये. हे किमान दोन आठवडे करावे, मध्ये रक्त थांबले तरी सोडू नये. ओली राहिलेली जखम खाजत नाही आणि खाजली नाही की बोट जात नाही.

३. मेकूड टोचत असेल तर मिठाच्या पाण्याचे थेंब घालावेत. अर्धा लिटर पाणी चांगले उकळून गार करावे, त्यात पाऊण छोटा चमचा मीठ विरघळवावे. रोज ताजे करावे. चार-पाच थेंबांनी मेकूड मऊ होते आणि हलके शिंकरले की निघते.

४. तान्ह्या बाळाच्या नाकात तेल, तूप, रस काहीही ओतू नये. ते श्वासनलिकेत जाऊ शकते. मोठ्यांनीही पाला-रस नाकात पिळू नये, न उकळलेल्या पाण्यातून आणि पाल्यातून नवे जंतू जातात.

५. घरात धूर कोंडत असेल तर मुलांना चुलीजवळ झोपवू नये. तपकीर बंद करावी.

६. मुलाला सतत सर्दी, शिंका, नाकाला खाज असेल तर ती ॲलर्जी असू शकते. तिच्यावर उपचार केल्याशिवाय बोट थांबणार नाही.

इतके करूनही रक्त येत राहिले तर कान-नाक-घसा तज्ज्ञ ती जागा बधिर करून सिल्व्हर नायट्रेटच्या काडीने डाग देतात. काही मिनिटांचे काम असते.

घोळणा फुटला तर त्या क्षणी

डोके मागे टाकून आडवे निजवणे ही आपल्याकडची सर्वांत मोठी चूक. त्याने रक्त थांबत नाही, घशात जाते. मग उलटी होते आणि उलटीतले रक्त पाहून घरचे आणखी घाबरतात.

मुलाला बसवावे, किंचित पुढे वाकवावे, तोंडाने श्वास घ्यायला सांगावे. अंगठा आणि तर्जनीने नाकाचा मऊ भाग, म्हणजे हाडाखालचा भाग, दोन्ही बाजूंनी घट्ट दाबून धरावा. घड्याळ लावून पूर्ण दहा मिनिटे. थांबले का म्हणून मध्येच सोडून पाहू नये. थांबले नाही तर आणखी दहा मिनिटे. कपाळावर गार पाण्याची घडी ठेवल्याने बरे वाटते, पण रक्त थांबते ते दाबण्याने. कांदा हुंगवल्याने नाक अधिकच झोंबते आणि शिंक आली तर धरलेली खपली उडते. नंतर दिवसभर नाक शिंकरू नये, फार गरम चहा आणि जड ओझे टाळावे.

ही लक्षणे बोटाची नव्हेत

प्रत्येक रक्तस्राव सवयीवर ढकलणेही धोक्याचे आहे. पुढील वेळी थेट दवाखाना गाठावा.

वीस-तीस मिनिटे दाबूनही रक्त थांबत नाही किंवा घशातून येतच राहते. हिरड्यांतूनही रक्त येते, अंगावर जांभळे डाग उठतात किंवा ताप आहे, तेव्हा डेंग्यू किंवा रक्ताचा विकार असू शकतो. घोणस किंवा फुरसे चावल्यानंतर नाका-हिरड्यांतून रक्त आले तर एक क्षणही न घालवता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. अंगात विष भिनल्याची ती खूण आहे. प्रौढांमध्ये रक्तदाब तपासावा आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगावे. किशोरवयीन मुलाची एक बाजू सतत चोंदलेली राहून वारंवार भरपूर रक्त येत असेल, तर आत गाठ असू शकते. नाकाला मार लागून दोन्ही बाजू चोंदल्या तर पडद्यात रक्त साकळलेले असू शकते. ते लवकर काढले नाही तर कूर्चा जाते.

लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त स्राव येत असेल, तर आत चिंचोका, मणी, वाल, स्पंजाचा तुकडा असे काहीतरी अडकले आहे असे समजावे. ते घरी चिमट्याने काढू नये, आणखी आत जाते. घड्याळातला किंवा खेळण्यातला चपटा गोल सेल नाकात गेला तर काही तासांत पडदा जळू शकतो. त्या वेळी रात्र असली तरी निघावे. आपल्या भागात घोडेगावचे ग्रामीण रुग्णालय आणि मंचरचे उपजिल्हा रुग्णालय आहे. तेथे आधी दाखवून पुढे कुठे जायचे ते विचारून घ्यावे.

पुन्हा आहुप्याला

त्या दिवशी मी मुलाला बाजूला बसवले, आरसा आणि बॅटरी देऊन त्याची जखम त्यालाच दाखवली. “हे एवढंच आहे. तुझं रक्त संपणार नाही. पण हिला पंधरा दिवस हात लावायचा नाही,” असे सांगितले. आरशात तो बराच वेळ पाहत राहिला. आजींना व्हॅसलिनची डबी दिली आणि नख कापायचा वार ठरवून दिला.

चैत्रात पुन्हा जाणे झाले. बाळहिरडा गोळा करायचे दिवस होते, अंगणात हिरडा वाळत पडला होता. मुलगा शाळेत गेला होता. म्हणून त्याचे नाक मी पाहिले ते शाळा सुटल्यावर. लाल जागा फिकट गुलाबी झाली होती, खपली नव्हती. दोन महिन्यांत एकदाच रक्त आले, तेही त्याने स्वतः नाक दाबून थांबवले होते.

“मग उष्णता गेली म्हणायची,” आजी म्हणाल्या. मी हो म्हटले. पलीकडे शेळी बांधलेली होती.